निवडीआधीच्या याद्या



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि त्याबद्दल मी आपल्याला दोष देणार नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत फुटबॉल खेळणारी पोरे, त्यांतून आपापल्या संघासाठी खेळाडू निवडणारे धंदेवाईक संघांचे मालक, आणि ‘कोण कोणाला निवडणार’ याचे आडाखे महिनोन्‌महिने आधी बांधणारे तिथले शौकीन! इतिहासाच्या व्याख्यानात या मंडळींचे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु इतिहास केवळ तहांचा आणि लढायांचा नसतो. माणसे कोणत्या गोष्टीची वाट पाहतात आणि वाट पाहताना काय करतात, यातही समाजाचा इतिहास असतो. शिवाय या आडाख्यांच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. माणसाची पारख करायची कोणी? आणि पारख करणाऱ्याच्या नजरेतून जो सुटला, त्याचे काय?

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकन फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर धाव घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचा. हा खेळ वाढला महाविद्यालयांत. १९२० साली धंदेवाईक संघांची संघटना निघाली. पुढे तिला नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले. तिचा दर्जा पुष्कळ वर्षे महाविद्यालयीन खेळाच्या खालचाच मानला जाई. पदवी घेऊन बाहेर पडणारा खेळाडू हवा त्या संघाकडे जाई. अर्थात तो जाई जिथे पैसा अधिक तिथे. श्रीमंत संघ अधिक बळकट होत आणि दुबळे संघ रसातळाला जात.

बर्ट बेल हे फिलाडेल्फिया ईगल्स या अशाच एका दुबळ्या संघाचे मालक. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका हा दांडगा खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून त्यांनी जंग जंग पछाडले, पण बोली वाढत गेली आणि कोस्टका ब्रुकलिनच्या संघाला मिळाला. त्या पराभवातून बेल यांना एक कल्पना सुचली. सर्व संघांनी एकत्र बसावे, आणि गेल्या मोसमात जो शेवटी राहिला त्याला पहिली निवड द्यावी. एकदा एका संघाने नाव घेतले की दुसऱ्याने त्या खेळाडूशी बोलणी करायची नाहीत. मे १९३५ मध्ये मालकांनी ही कल्पना मान्य केली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. हाच तो ‘ड्राफ्ट’.

त्या दिवशीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. नऊ संघांचे मालक एका खोलीत बसले आहेत आणि फळ्यावर नव्वद नावे लिहिलेली आहेत. ही नावे आली कोठून? खेळाडू हेरण्यासाठी पगारी माणूस ठेवण्याची ऐपत तेव्हा बहुतेकांना नव्हती आणि तशी चालही नव्हती. नावे आली मुख्यतः वर्तमानपत्रांतून, खेळावर लिहिणाऱ्यांनी केलेल्या उत्कृष्ट खेळाडूंच्या याद्यांतून आणि ऐकीव माहितीतून. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा तरुण मुलगा वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रे मागवून खेळाडूंच्या नोंदी ठेवी, आणि तेवढ्यावर तो सर्वांत जाणकार ठरला. म्हणजे हॉटेलातला मालक आणि रस्त्यावरचा शौकीन यांच्या ज्ञानात फारसे अंतर नव्हते. दोघेही सकाळी एकच पेपर वाचत होते!

पहिला मान मिळाला शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला. गंमत अशी, की तो धंदेवाईक फुटबॉल कधी खेळलाच नाही. मागितलेला मोबदला मिळेना, तेव्हा त्याने सरळ नोकरी धरली. ड्राफ्टच्या इतिहासातले पहिलेच नाव असे वाया गेले. भाकीत करणाऱ्यांनी हा पहिला धडा गिरवून ठेवायला हवा होता. पण भाकीत करणारा धडे गिरवीत नसतो, तो पुढच्या वर्षीची यादी करीत असतो.

आता या याद्यांची दुसरी बाजू पाहू. १९३४ पासून १९४६ पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियमपुस्तकात तसे लिहिलेले नव्हते. सर्वांनी मिळून पाळलेला तो एक मुका संकेत होता. ड्राफ्टमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव उच्चारले गेले ते १९४९ साली. तो इंडियाना विद्यापीठाचा जॉर्ज टॅलिअफेरो, आणि तेही तेराव्या फेरीत. त्यानंतरही दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे संघांचे लक्ष बेताचेच होते. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत त्यांची नावे येत नसत, आणि जी नावे छापून येत नसत ती फळ्यावरही चढत नसत.

पण ती नावे एके ठिकाणी येत होती. पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात बिल नन नावाचे पत्रकार दरवर्षी या महाविद्यालयांतील उत्कृष्ट खेळाडूंची यादी प्रसिद्ध करीत. त्यासाठी ते गावोगाव जात, सामने पाहत, प्रशिक्षकांच्या ओळखी जोडत. त्यांच्याच शहरातल्या स्टीलर्स संघाला मात्र या यादीची फारशी फिकीर नव्हती, आणि ही तक्रार नन उघडपणे बोलून दाखवीत. अखेर ती मालकांचे चिरंजीव डॅन रूनी यांच्या कानी गेली. त्यांनी ननना बोलावून घेतले आणि १९६७ पासून नन स्टीलर्ससाठी काम करू लागले, प्रथम अर्धवेळ आणि नंतर पूर्णवेळ. पुढे काय झाले? १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून जॉन स्टॉलवर्थला घेतले. त्याच वर्षी साउथ कॅरोलिना स्टेटचा डॉनी शेल सतरा फेऱ्यांत कोणालाच नको झाला होता. त्यालाही त्यांनी उचलले. हे दोघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले, आणि स्टीलर्सने सहा मोसमांत चार सुपर बोल जिंकले. खुद्द नन यांना तो मान २०२१ मध्ये मिळाला, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

श्रोतेहो, माझ्या मते बाहेरच्या माणसाने केलेल्या यादीची ही सर्वांत मोठी कामगिरी. आतल्यांना जे दिसत नव्हते, ते बाहेरच्याला दिसले. का दिसले? तो जिथे गेला तिथे इतर कोणी जात नव्हते, म्हणून.

दरम्यान आतली माणसेही स्वस्थ बसली नव्हती. १९६० मध्ये प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीग उभी राहिली आणि खेळाडूंसाठी चुरस पेटली. १९६७ पासून दोन्ही लीगांचा ड्राफ्ट एकत्र होऊ लागला. खेळाडू हेरणे हे आता शास्त्र बनू पाहत होते. डॅलस काउबॉइज संघाने साठीच्या दशकात निवडीसाठी संगणक वापरायला सुरुवात केली, आणि त्या कामाची आखणी करणारे संख्याशास्त्रज्ञ होते भारतात जन्मलेले आणि अलीगढला शिकलेले सलाम कुरेशी. त्यांना क्रिकेट ठाऊक होते, फुटबॉल नव्हते. तरीही चपळाई, ताकद, जिद्द, समज असे खेळाडूचे गुण आकड्यांत कसे मांडायचे, हे त्यांनी त्या संघाला शिकवले. खेळ न जाणणाऱ्याने खेळाडूची पारख करण्याचे यंत्र बसवावे, यातला विनोद लक्षात घेण्याजोगा आहे. आणि त्यातले मर्मही.

संघांपाशी आता स्काउट आले, फायली आल्या, गुप्तता आली. शौकिनापाशी उरले काय? वर्तमानपत्र, टेलिफोन आणि अफाट वेळ. ब्रुकलिनमध्ये जोएल बुक्सबॉम नावाचा एक कृश, एकटा राहणारा गृहस्थ होता. घर सोडून तो क्वचितच कोठे जाई. सामन्यांच्या फिती पाहायच्या, दिवसरात्र टेलिफोनवर बोलायचे आणि शेकडो खेळाडूंची टिपणे लिहायची, हेच त्याचे आयुष्य. त्याची टिपणे प्रो फुटबॉल वीकली या साप्ताहिकात येत. बिल बेलिचिकसारखे नामांकित प्रशिक्षक त्याच्याशी टेलिफोनवर चर्चा करीत. २००२ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा फुटबॉलमधली मोठमोठी माणसे हळहळली. त्यांतल्या अनेकांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते.

दुसरा बाल्टिमोरचा मेल कायपर. ऐन विशीत त्याने खेळाडूंवरचे अहवाल छापून विकायला सुरुवात केली. १९८० मध्ये ईएसपीएन या नव्या दूरचित्रवाणी वाहिनीने ड्राफ्ट दाखवण्याची परवानगी मागितली, तेव्हा लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनाच नवल वाटले. नावे वाचून दाखवण्याचा कार्यक्रम कोण पाहणार? लोकांनी पाहिला. १९८४ पासून कायपर त्या पडद्यावर येऊन बसला. पाडव्याला पंचांग उघडून वर्षफळ वाचावे, तसे दर वसंतात त्याचे भाकीत घरोघर वाचले जाऊ लागले. मग ज्याच्या त्याच्या मनात आले, की हे तर मीही करीन. अशा रीतीने ‘लुटुपुटीचा ड्राफ्ट’ हा शौकिनांचा स्वतंत्र खेळच होऊन बसला.

१९९४ सालचा प्रसंग प्रसिद्ध आहे. इंडियानापोलिस कोल्ट्सने पाचव्या क्रमांकावर ट्रेंट डिल्फर या क्वार्टरबॅकऐवजी ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतले. कायपरने त्यांच्यावर सडकून टीका केली. कोल्ट्सचे कारभारी बिल टोबिन पडद्यावरच उसळले. हा कायपर आहे तरी कोण, असे विचारून ते म्हणाले, की माझा शेजारी पोस्टमन आहे आणि त्याचा अधिकारही याच्याइतकाच आहे. पुढे काळाने काय निकाल दिला? दुखापतींनी अल्बर्ट्सची कारकीर्द तीनच मोसमांत संपली. डिल्फरने पुढे, दुसऱ्याच संघातून का होईना, सुपर बोल जिंकला. तेव्हा त्या दिवशी पोस्टमनचे पारडे जड होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण थांबा! शौकिनांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. १९९९ साली फिलाडेल्फियाहून तीसेक पाठीराख्यांची बस न्यूयॉर्कला गेली. त्यांना आपल्या संघात रिकी विल्यम्स हवा होता. संघाने डोनोवन मॅकनॅबचे नाव घेताच या मंडळींनी त्या तरुणाची भर सभागृहात हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने पुढे संघाला पाच वेळा उपान्त्य फेरीत आणि एकदा सुपर बोलमध्ये नेऊन पोहोचवले. इकडे विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी आणि पुढल्या वर्षीच्याही दोन देऊन टाकल्या. त्यांच्या पदरात त्या मानाने थोडेच पडले.

हे आडाखे इतके चुकतात का? एक कारण हिशेबाचे आहे. आज संघ बत्तीस आहेत आणि फेऱ्या सात. पहिल्या फेरीची बत्तीस नावे सांगायची तर प्रत्येक नाव आधीच्या नावावर अवलंबून असते. तिसऱ्या संघाने अनपेक्षित नाव घेतले, की चौथ्यापासूनची सारी माळ ओघळते. त्यात संघ आपसात क्रमांकांची अदलाबदल करतात आणि खरा बेत झाकण्यासाठी मुद्दाम हुलकावण्या देतात. २०२५ साली शेडर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाणार, असे कितीतरी जाणकारांनी लिहिले होते. त्याचे नाव आले पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर!

दुसरे कारण अधिक खोल आहे. कोण निवडला जाईल हे सांगणे एक, आणि कोण चांगला निघेल हे सांगणे दुसरे. या दुसऱ्या कामात आतलेही चाचपडतच असतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टचे आकडे तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. म्हणजे नाणे उडवण्याहून किंचित बरे. २००० साली टॉम ब्रेडीचे नाव १९९ वे होते. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. बाहेरच्यांच्या याद्यांतही त्याला वरचे स्थान नव्हते.

आणि या सर्व कोलाहलात एका माणसाला कोणी विचारीत नाही. तो म्हणजे खुद्द खेळाडू. कोणत्या गावी राहायचे, कोणाची चाकरी करायची, हे त्याच्याऐवजी दुसरेच ठरवतात. वॉशिंग्टनने १९६८ साली निवडलेला जेम्स स्मिथ पहिल्याच मोसमात मानेला इजा होऊन कायमचा बाद झाला. त्याने न्यायालयात दाद मागितली, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने तेव्हाचा ड्राफ्ट मुक्त स्पर्धेच्या कायद्याचा भंग करणारा ठरवला. १९७८ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय मुख्यतः उचलून धरला. तरी ड्राफ्ट टिकला, कारण दरम्यान खेळाडूंच्या संघटनेने करार करून त्याला मान्यता दिली होती. दुबळ्या संघाला न्याय देण्यासाठी निघालेली ही पद्धत खेळाडूला न्याय देते काय, हा प्रश्न आजही संपलेला नाही. २०२४ साली डेट्रॉइटला तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक जमले, असे लीगचा आकडा सांगतो. इतक्या गर्दीत असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

आपल्यालाही हे अगदीच परके राहिलेले नाही. २००८ साली इंडियन प्रीमियर लीगने एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी असाच ड्राफ्ट घेतला. पहिली निवड होती दिल्लीची, आणि दिल्लीने आपल्याच गावचा विराट कोहली बाजूला ठेवून प्रदीप सांगवानला घेतले. कोहली बंगळूरला गेला. आज दिल्लीला हसणे सोपे आहे. त्या दिवशी आपल्यापैकी किती जण हसले असते?

तेव्हा यादी करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. यादी करणारा शौकीन निदान वर्षभर दुसऱ्या कोणाच्या तरी गुणांचा विचार करीत असतो, आणि ही काही वाईट सवय नव्हे. माझे मागणे इतकेच, की यादी पुरी झाल्यावर त्याने क्षणभर थांबावे आणि आपण कोणत्या गावी गेलोच नाही, हे आठवून पाहावे. बिल नन त्या गावी गेले होते. त्यांच्या यादीचे मोल आज कळते ते त्यामुळेच.