कोरियन सूडपट : क्षमा कोणी करावयाची?

दक्षिण कोरियाच्या सूडपटांविषयी लिहिताना पुष्कळ समीक्षक 'हान' या कोरियन शब्दापाशी येऊन थांबतात. मनात साचून राहिलेले, वाट न मिळालेले दुःख आणि संताप, असा त्याचा ढोबळ अर्थ. या राष्ट्राचा पिंडच 'हान'चा, म्हणून त्याचे चित्रपट रक्ताळलेले, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. आम्हास तो मान्य नाही. एखाद्या समाजाच्या दुःखाला त्याचा स्वभाव ठरविले, की ते दुःख कोणी दिले हे सांगण्याची जबाबदारी संपते. ही युक्ती आमच्या वाचकांना अपरिचित नाही.

१९१० ते १९४५ जपानची सत्ता, १९५० ते १९५३ चे युद्ध, आणि त्यानंतर दीर्घ हुकूमशाही, हा कोरियन इतिहास सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक घटना महत्त्वाची. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील विद्यार्थी व नागरिक लष्करी कायद्याविरुद्ध उभे राहिले. २१ मे रोजी प्रांतिक कचेरीसमोरील जमावावर सैनिकांनी गोळीबार केला. २७ मेच्या पहाटे सैन्याने शहर पुन्हा ताब्यात घेतले. सत्ता बळकावणारा सेनानी चुन डू-ह्वान राष्ट्राध्यक्ष झाला. मेलेल्यांना दंगेखोर म्हटले गेले. त्यांच्या मातांना उघडपणे शोक करणेही कठीण झाले.

या आठवणी पडद्यावर येण्यास अवकाश लागला. ऑक्टोबर १९९६ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरविली. ली चांग-डोंग यांच्या 'पेपरमिंट कँडी'ची (१९९९) कथा उलट्या क्रमाने मागे जाते आणि ग्वांगजूत पाठविलेल्या एका तरुण सैनिकापाशी पोहोचते. त्याच्या हातून एक शाळकरी मुलगी मारली जाते, आणि तेथून त्याचे माणूसपण ढासळत जाते. तो सूडपट नव्हे. परंतु सूडपटांची पाळेमुळे समजण्यास आम्ही तोच प्रथम पाहावा असे सुचवू.

पार्क चान-वूक यांची सूडत्रयी २००२ ते २००५ या काळातील. तिच्यातील 'ओल्डबॉय'ला २००४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, म्हणून त्याचा बोलबाला अधिक. आमच्या मते 'लेडी व्हेंजन्स' (२००५) अधिक विचारप्रवर्तक होय. बालहत्येच्या आरोपाखाली तेरा वर्षे तुरुंगात काढलेली गुम-जा खऱ्या खुन्याला पकडते. परंतु त्याला स्वतः मारीत नाही. मारल्या गेलेल्या मुलांच्या पालकांना ती एका ओस पडलेल्या शाळेत बोलाविते आणि विचारते : पोलिसांकडे द्यावयाचा, की येथेच निकाल लावावयाचा? पालक चर्चा करितात, रेनकोट चढवितात, पाळी लावून आत जातात. नंतर ते एकत्र छायाचित्र काढतात, केक खातात, आणि खंडणीची रक्कम परत मिळावी म्हणून बँकेतील खाते क्रमांक लिहून देतात. कोणाचेही मूल परत आलेले नाही. हिंसेचे इतके कोरडे, इतके निरुपयोगी चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे. तिला रक्तपाताचा बाजार म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

मग क्षमा करावी काय? ली चांग-डोंग यांच्या 'सिक्रेट सनशाईन'मध्ये (२००७) एक माता, नव्याने धर्माश्रय घेतल्यावर, आपल्या मुलाच्या खुन्याला क्षमा करण्यासाठी तुरुंगात जाते. तो शांत चेहऱ्याने सांगतो, की देवाने त्याला आधीच क्षमा केली आहे. ती कोसळते. जी क्षमा केवळ तिची होती, ती तिला न विचारता परस्पर दिली गेली होती.

येथे बौद्ध परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. किम की-डुक यांच्या 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग'मध्ये (२००३) पत्नीचा खून करून विहारात परतलेल्या शिष्याकडून वृद्ध भिक्खू प्रज्ञापारमिता हृदयसूत्राची अक्षरे फळ्यांवर कोरवून घेतो. अक्षरे पूर्ण होताच पोलीस त्याला घेऊन जातात, आणि भिक्खू त्यांना अडवीत नाही. विनयपिटकाच्या महावग्गातील दीघावूची कथा तर याहून स्पष्ट आहे. काशीच्या ब्रह्मदत्ताने त्याच्या मातापित्यांचा वध केलेला. राजा मांडीवर निजला असता दीघावू तलवार उपसतो आणि पित्याचे शब्द आठवून म्यान करतो. ही कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. परंतु पुढे ब्रह्मदत्त त्याच्या पित्याचे सैन्य, कोष आणि राज्य त्याला परत करतो. वैर शमले ते हरण केलेले परत मिळाल्यावर, हा भाग गाळून चालणार नाही.

ग्वांगजूला तसे काही मिळाले नाही. चुन यास १९९६ साली मृत्युदंड झाला, तो जन्मठेपेत बदलला, आणि डिसेंबर १९९७ मध्ये राष्ट्रीय ऐक्याच्या नावाने त्याला माफी देण्यात आली. ज्यांना चुनच्या राजवटीत देहदंड सुनावला गेला होता त्या किम डे-जुंग यांचीही, निर्वाचित राष्ट्राध्यक्ष म्हणून, तीस संमती होती. त्यांचा मोठेपणा आम्ही नाकारीत नाही. पण ग्वांगजूच्या मातांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यांनाही होता काय? '२६ इयर्स' (२०१२) या चित्रपटात ग्वांगजूच्या मृतांची मुले माजी राष्ट्राध्यक्षाला मारण्याचा कट रचतात. रखडलेला हा चित्रपट पुरा करण्यास सामान्य नागरिकांनी वर्गणी दिली. प्रेक्षकच सूडकथेचा खर्च उचलतो, यावरून न्यायाची थकबाकी किती होती हे कळते.

चुन नोव्हेंबर २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ग्वांगजूची क्षमा न मागता मरण पावला. मार्च २०२३ मध्ये त्याचा एक नातू तेथे गेला, मृतांच्या कुटुंबीयांपुढे गुडघे टेकून त्याने आजोबांचा अपराध मान्य केला, आणि स्मशानभूमीतील थडगी स्वतःच्या कोटाने पुसली. पुत्र गमावलेल्या वृद्ध मातांनी त्याला जवळ घेतले.