हलक्या वजनाची सर्वोत्तम जोडी कोणती? कुस्तीशौकिनांचा न मिटणारा वाद

कांजूरमार्ग, प्रतिनिधी - सातारा, कराड, कोल्हापूर, सांगली या भागांतून येऊन मुंबईच्या पूर्व उपनगरांत स्थिरावलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. कांजूरमार्ग-भांडुपच्या पट्ट्यात अशा घरांत कुस्तीचा विषय निघाला, की गप्पा हमखास महाराष्ट्र केसरीपर्यंत जातात आणि तेथेच थांबतात. गदा कोणी किती वेळा पटकावली, कोणाचा पट जोरकस, कोणाची उंची किती, यावर रात्र सरते. परंतु ऑलिम्पिकच्या आखाड्यात भारताचे नाव ज्यांनी प्रथम कोरले, ते मल्ल वजनाने साठीच्या आसपासचे होते. तेव्हा या हलक्या गटांतील सर्वोत्तम जोडी कोणती, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे, आणि वाटतो तितका सोपाही नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कुस्तीच्या भाषेत 'जोड' म्हणजे प्रतिस्पर्धी. जत्रेच्या मैदानात पंच 'जोड लावतात' तेव्हा ते दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करीत असतात. येथे मात्र जोडी म्हणजे एकाच तालमीतून वा एकाच मुलखातून आलेले, लागोपाठच्या वजनगटांत लढणारे आणि एकाच स्पर्धेत चमकलेले दोन मल्ल. अर्थात दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. शेजारच्या वजनाचे दोन मल्ल एका तालमीत असले, की सरावात तेच एकमेकांची जोड असतात. एकाची ताकद वाढली की दुसऱ्याला वाढवावीच लागते.

हेलसिंकी १९५२ : जाधव आणि माणगावे

या वादाची सुरुवात कराड तालुक्यातील गोळेश्वरपासून करणे क्रमप्राप्त आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी या गावी झाला. पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत नाव घालण्यास गेलेल्या या किरकोळ शरीराच्या विद्यार्थ्याला क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, त्याने थेट प्राचार्यांकडे दाद मागितली आणि मैदानात उतरल्यावर आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले, अशी हकिकत सांगितली जाते. हलक्या वजनाच्या मल्लाला आखाड्यात उतरण्यापूर्वी आपण मल्ल आहोत हेच आधी पटवून द्यावे लागते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोमध्ये, सहावे आले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या दौऱ्याचा खर्च उचलला होता. मातीत वाढलेल्या या मल्लाचा मॅटशी खरा परिचय तेथेच झाला. माती पाय धरते, मॅट तो सोडते. मातीत कुस्ती चितपटीवर संपते, मॅटवर गुणांवर. ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. चार वर्षांनंतर खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची चणचण होती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आता सर्वश्रुत आहे. निवडीतही अडथळे आले. तेथे डावलले गेल्याची तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे नेली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि निरंजन दास यांना हरवून त्यांनी आपली जागा मिळवली.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकँ, मेक्सिकोच्या बासुर्तो आणि जर्मनीच्या श्मिट्झ यांना नमविले. डोक्याला मिठी घालून मारलेली ढाक हा त्यांचा हुकमी डाव. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत मात्र लांबली आणि निसटली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्हशी लढावे लागले. नियमानुसार मिळायला हवी ती विश्रांती मागायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, ममेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेस यांच्या टेनिसमधील कांस्यपदकापर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. आणि कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी तब्बल ५६ वर्षे.

इथपर्यंतची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच स्पर्धेत लगतच्या ६२ किलो गटात, म्हणजे फेदरवेटमध्ये, केशव माणगावे हे महाराष्ट्राचेच मल्ल उतरले होते. त्या गटात तुर्कस्तानचा बायराम शित पहिला, इराणचा नासेर गिवेची दुसरा, अमेरिकेचा जोसाया हेन्सन तिसरा आणि माणगावे चौथे. एकाच ऑलिम्पिकमध्ये, शेजारच्या दोन वजनांत, एकाच मराठी मुलखातील दोन मल्ल जगात तिसरे आणि चौथे! त्या काळी कुस्तीत कांस्यपदक एकच असे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून प्रत्येक गटात दोन कांस्यपदके दिली जातात. स्पर्धेची रचनाच बदलल्यामुळे 'आज असते तर माणगाव्यांनाही पदक मिळाले असते' असे सरळ गणित मांडता येणार नाही. तरीही पदकाच्या व्यासपीठापासून ते किती जवळ होते, याची कल्पना यावरून यावी.

म्युनिक १९७२ : सुदेशकुमार आणि प्रेमनाथ

जोडी या शब्दाला सर्वार्थाने पात्र ठरणारे दोन मल्ल मात्र दिल्लीचे. गुरू हनुमान यांच्या बिर्ला व्यायामशाळेत एकत्र घडलेले सुदेशकुमार (५२ किलो) आणि प्रेमनाथ (५७ किलो) हे दोघेही म्युनिक ऑलिम्पिकमध्ये चौथे आले. दोघांचेही पदक एका पायरीने हुकले. या दोन्ही गटांतील सुवर्णपदके जपानने नेली - कियोमी कातो आणि हिदेआकी यानागिदा. सुदेशकुमार यांनी १९७० आणि १९७४ अशा लागोपाठच्या दोन राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण मिळवले. १९७४ मध्ये प्रेमनाथही सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. पदकांच्या तक्त्यात ऑलिम्पिकचा रकाना रिकामा असल्याने ही जोडी चटकन मागे टाकली जाते. तसे करणे अन्यायाचे ठरेल. पाच किलोंच्या अंतरावरचे दोन मल्ल एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी भिडून जगात चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, हे भारतीय कुस्तीत पुन्हा फारसे घडले नाही.

जाता जाता जपानबद्दल. हेलसिंकीत खाशाबांच्या गटाचे सुवर्ण जपानकडे, म्युनिकमध्ये दोन्ही गटांचे जपानकडे, लंडनमध्ये सुशीलकुमारला अंतिम फेरीत हरवणारा योनेमित्सू जपानचा आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५७ किलोच्या उपांत्य फेरीत अमन सेहरावतला रोखून पुढे सुवर्ण जिंकणारा री हिगुचीही जपानचाच. हलक्या गटांत आपण जेव्हा जेव्हा वर गेलो, तेव्हा वरच्या पायरीवर बहुधा जपानी मल्ल उभा होता. त्या देशाने लहान शरीर ही उणीव मानली नाही, एवढाच याचा अर्थ.

लंडन २०१२ : सुशीलकुमार आणि योगेश्वर दत्त

गुरू हनुमान यांचे शिष्य सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि पुढे छत्रसाल स्टेडियममध्ये मल्ल घडवण्यास सुरुवात केली. त्या आखाड्यातून आलेले सुशीलकुमार (६६ किलो) आणि योगेश्वर दत्त (६० किलो) यांनी लंडनमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी पदके मिळवली. ११ ऑगस्टला योगेश्वरने कांस्य आणि १२ ऑगस्टला सुशीलने रौप्य. रशियाच्या बेसिक कुदुखोव्हकडून हरल्यावर योगेश्वरला रिपेचाजमधून एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकाव्या लागल्या. शेवटच्या कुस्तीत उत्तर कोरियाच्या मल्लाचे दोन्ही घोटे एकत्र धरून त्याला मॅटवर गरगर फिरवणारा त्याचा 'फितले' डाव ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, ते विसरले नसतील. सुशीलच्या नावावर त्याआधीच २००८ चे ऑलिम्पिक कांस्य आणि २०१० च्या मॉस्को जागतिक स्पर्धेचे सुवर्ण होते. योगेश्वरने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. २०२१ मध्ये एका हत्या प्रकरणात सुशीलला अटक झाली आणि या नावावर गडद सावली पडली. तथापि येथे विचार मॅटवरील कामगिरीचा आहे.

टोकिओत २०२१ मध्ये रविकुमार दहिया (५७ किलो, रौप्य) आणि बजरंग पुनिया (६५ किलो, कांस्य) यांनी हाच हिशेब पुन्हा जुळवला. उपांत्य फेरीत २-९ असा पिछाडीवर असताना, प्रतिस्पर्धी दंडाला चावा घेत असताना, रवीने कझाकस्तानच्या सनायेव्हला चीत केले. तो क्षण थरारक होता खरा. परंतु जोडी म्हणून या दोघांची वाटचाल सुशील-योगेश्वर यांच्याइतकी एकत्र गुंफलेली नाही.

मग निकाल काय?

निव्वळ पदकांच्या तराजूत लंडनच्या जोडीला तोड नाही, हे मान्यच करावे लागेल. एका आखाड्याची एकजीव जोडी हा निकष लावला, तर प्रस्तुत प्रतिनिधीचे मत सुदेशकुमार-प्रेमनाथ यांच्या बाजूला झुकते. आणि किती साधनांतून काय उभे केले, हा निकष लावला तर हेलसिंकीच्या जोडीशी बरोबरी करणारे कोणी नाही. कोल्हापूरच्या जुन्या शौकिनांना हा तिसरा निकष अर्थातच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात आपुलकीचा वाटा आहे. पण केवळ आपुलकीच आहे, असे म्हणता येणार नाही. छत्रसालच्या मल्लांपाठीशी मॅट, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि परदेशी सराव होता. खाशाबांपाठीशी एका प्राचार्यांचे गहाण पडलेले घर होते. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून खाशाबांनी त्या पैशांची परतफेड केली, हेही नोंदवण्यासारखे.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. १९५२ नंतर महाराष्ट्राने अशी दुसरी जोडी का दिली नाही? त्याचे उत्तर आपल्या जत्रांच्या मैदानात मिळते. दुपारी रेवड्यांवरच्या, मग नारळावरच्या कुस्त्या होतात. हलक्या वजनाची पोरे तेव्हा लढून मोकळी होतात आणि गर्दी खऱ्या अर्थाने जमते ती सायंकाळी, पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते तेव्हा. मोठे इनाम मोठ्या शरीराला. १९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीनेही हेच सूत्र पुढे नेले. त्याच अधिवेशनात ५७ किंवा ६१ किलोचे सुवर्ण जिंकणाऱ्या मल्लाचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एका ओळीत येते (हा दोष आम्हा वार्ताहरांचाही आहे), तर खुल्या गटातील विजेत्याला चांदीची गदा आणि अलीकडे मोटारही मिळते. साहजिकच तालमीतला पोरगा वजन राखण्याऐवजी वाढवण्याच्या मागे लागतो. थंडाई आणि बदाम यांचा हिशेब सुरू होतो, आणि ५७ किलोत जगज्जेता होऊ शकणारा मल्ल ८६ किलोत तालुक्यापुरता उरतो.

याला सणसणीत अपवाद राहुल आवारेचा. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा हा मल्ल हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या तालमीत पुण्यात घडला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण मिळवले आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलोत अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून कांस्य जिंकले. त्याच स्पर्धेत ५७ किलोचे कांस्य रविकुमार दहियाने मिळवले. अडचण अशी, की ऑलिम्पिकमध्ये ५७ नंतर थेट ६५ किलोचा गट येतो. ६१ किलोचा मल्ल जागतिक पदक घेऊन आला तरी ऑलिम्पिकसाठी त्याला चार किलो उतरवावे लागतात किंवा चार किलो चढवावे लागतात, आणि दोन्ही बाजूंना कसलेले मल्ल आधीच उभे असतात. आवारेला ऑलिम्पिकचे मॅट लाभले नाही.

वैयक्तिक ऑलिम्पिक पदक महाराष्ट्रात पुन्हा आले ते २०२४ मध्ये, ७२ वर्षांनी. तेही कोल्हापूर जिल्ह्यातच, पण नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या रायफलमधून. खाशाबांचे १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन झाले होते. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०२४ पासून १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पद्म पुरस्काराची मागणी गोळेश्वरचे ग्रामस्थ वर्षानुवर्षे करीत आले आहेत. केशव माणगावे यांच्यासाठी अशी मागणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. हेलसिंकीच्या निकालपत्रात ६२ किलो गटातील चौथ्या ओळीत त्यांचे नाव आहे.