न्यूझीलंडमधील स्थानिक वन्यजीवांचे संरक्षण आणि लोकसहभाग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

मानवाच्या आगमनापूर्वी न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज जमिनीवरील सस्तन प्राणी नव्हते. तेथील पक्ष्यांचे शत्रू मुख्यतः आकाशातून येणारे शिकारी पक्षीच होते. काकापो हा न उडणारा पोपट संकटाची चाहूल लागताच जागीच स्तब्ध होतो. नजरेने शिकार करणाऱ्या पक्ष्यांपासून ही सवय त्याचे रक्षण करी. वासाने माग काढणाऱ्या प्राण्यांपुढे मात्र तीच त्याच्या नाशास कारणीभूत ठरली. तेराव्या शतकाच्या सुमारास माओरी लोकांबरोबर किओरे हा उंदीर व कुत्रा आला, तर पुढे युरोपीय जहाजांबरोबर इतर जातींचे उंदीर व मांजरे आली. या परकीय भक्षकांपासून स्थानिक जीवसृष्टी वाचविण्याचा इतिहास बहुधा शासकीय धोरणांचा व वैज्ञानिक यशाचा इतिहास म्हणून मांडला जातो. तथापि प्रत्यक्ष पहारा कोणी ठेवला आणि धोक्याची सूचना प्रथम कोणी दिली, हे प्रश्न विचारल्यास या इतिहासाचे वेगळे चित्र समोर येते.

उपायातून निर्माण झालेले संकट :

एकोणिसाव्या शतकात वसाहतकारांनी आणलेल्या सशांची संख्या बेसुमार वाढली व मेंढपाळीचा व्यवसाय अडचणीत आला. त्यावर उपाय म्हणून १८८० च्या दशकात स्टोट, वीझल व फेरेट हे चपळ मांसाहारी प्राणी मोठ्या संख्येने सोडण्यात आले. पक्षितज्ज्ञांनी यास विरोध केला होता. पण कुरणांच्या अर्थकारणापुढे त्यांचे म्हणणे टिकले नाही. या प्राण्यांना लाभलेले कायदेशीर संरक्षण पूर्णपणे दूर होण्यास १९३६ साल उजाडावे लागले. संकट अपघाताने आले नव्हते. ते धोरणातून आले होते, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

एकाकी पहारा :

१८९१ मध्ये नैऋत्य किनाऱ्यावरील रेझोल्यूशन बेट पक्ष्यांसाठी राखीव करण्यात आले आणि १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री यांची तेथे रक्षक म्हणून नियुक्ती झाली. हेन्री यांनी मुख्य भूमीवरून पाचशेहून अधिक काकापो व किवी पकडून होडीने या व आसपासच्या बेटांवर नेले. परंतु १९०० मध्ये रेझोल्यूशन बेटावर स्टोट दिसला. समुद्राचा अरुंद पट्टा पोहून येणाऱ्या या प्राण्याने हेन्रींचे परिश्रम निष्फळ केले. बेट निवडण्याची कल्पना योग्यच होती आणि पुढील शतकात तीच यशस्वी ठरली. मात्र सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे बेट एका माणसाच्या नजरेने राखता येणार नव्हते.

तौकिहेपाचा धडा :

स्टुअर्ट बेटाजवळील तौकिहेपा अर्थात बिग साउथ केप या बेटावर राकिउरा माओरी दरवर्षी टीटी या समुद्रपक्ष्याची पिल्ले पकडण्यासाठी जात असत. १९६४ मध्ये त्यांनी बेटावर उंदरांचा सुळसुळाट झाल्याचे कळविले. उंदरांमुळे पक्ष्यांचे फारसे नुकसान होणार नाही, असे मानणारे काही जीवशास्त्रज्ञ तेव्हा होते व त्यांचा हस्तक्षेपास विरोध होता. वन्यजीव विभागाचे पथक पोहोचेपर्यंत बराच विलंब झाला. सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी इतर बेटांवर हलविण्यात आले व ती जात वाचली; पण बुश रेन व स्नाइप हे तेथील पक्षी आणि वटवाघळाची एक जात नाहीशी झाली. हंगामागून हंगाम बेटावर राहणाऱ्यांना जे दिसले होते, ते मान्य होण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. हौराकी आखातातील मारिया या छोट्या बेटावर उंदीर समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडत होते. तेथे १९६० मध्ये ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या सहभागाने विषप्रयोग करण्यात आला होता. १९६४ मध्ये ते बेट उंदीरमुक्त असल्याचे आढळले. एखादे बेट भक्षकमुक्त करता येते, हे यावरून सिद्ध झाले.

लोकसहभागाचा विस्तार :

१९८४ पासून सुमारे दहा वर्षांत स्वयंसेवकांनी टिरिटिरी मातांगी या उजाड बेटावर अडीच लाखांहून अधिक झाडे लावली. १९९३ मध्ये तेथील किओरे नष्ट करण्यात आले. वेलिंग्टन शहरात कारोरी येथे २२५ हेक्टर क्षेत्राभोवती ८.६ किलोमीटर लांबीचे भक्षकरोधक कुंपण १९९९ मध्ये पूर्ण झाले. माउंगाटाउटारी डोंगराभोवतीचे सुमारे ४७ किलोमीटरचे कुंपण २००६ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे स्थानिक शेतकरी, माओरी जमाती व स्वयंसेवक एकत्र आले होते. १९९५ मध्ये अवघ्या ५१ वर आलेली काकापोंची संख्या २०२२ मध्ये अडीचशेच्या घरात पोहोचली, तीही भक्षकमुक्त बेटांच्याच आधारे.

अर्थात या प्रयत्नांमागे सर्वांचे एकमत होते असे नाही. किओरे हा पूर्वजांबरोबर आलेला प्राणी असल्याने न्गातिवाई जमातीतून त्याच्या निर्मूलनास विरोध झाला. तरीही हौतुरू बेटावर २००४ मध्ये ते पार पडले. १०८० या विषाच्या हवाई वापराविरुद्धही नागरिकांची आंदोलने झाली. ‘परकीय’ कोणास म्हणावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न केवळ जीवशास्त्राने सुटणारे नाहीत.

समारोप :

२०१६ मध्ये शासनाने २०५० पर्यंत उंदीर, स्टोटवर्गीय प्राणी व पॉसम यांच्यापासून देश मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी स्थापन झालेली सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. उद्दिष्ट मात्र कायम ठेवण्यात आले. निधी आणि यंत्रणा यांचे आयुष्य धोरणाबरोबर बदलते. उंदीर मात्र एखाद्या होडीतून पुन्हा केव्हाही येऊ शकतो. म्हणून निर्मूलन एकदा साधले तरी पहारा अखंड ठेवावा लागतो आणि तो त्या भूमीशी नित्य संबंध असलेल्या लोकांनाच ठेवता येतो. हेन्रींजवळ निष्ठा होती, पण सोबत माणसे नव्हती. तौकिहेपाच्या माओरींजवळ माहिती होती, पण त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. या दोन्ही उणिवा जेथे भरून निघाल्या, तेथेच संरक्षण टिकाऊ ठरले, असे या इतिहासावरून म्हणता येते.