जुन्या गाडीचं कार्पेट बदलताय? आधी त्याखालचा पत्रा बघा

कार्पेट झिजलं, विटलं किंवा कुबट वास मारायला लागलं की आपण लगेच नवीन शोधायला लागतो. मी तर तेवढंही केलं नाही. आमच्या घरी १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली. ड्रायव्हरच्या पायाखाली कार्पेटची जाळी दिसायला लागली तेव्हा मी ऑनलाइन एक जाड रबरी मॅट मागवली आणि वरून टाकून मोकळा झालो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर सगळं उचललं, तेव्हा सीटच्या बोल्टजवळ स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला.

हे गंभीर का, ते आधी समजून घ्या. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे पायाखालचा पत्रा हा सांगाड्याचाच भाग, आणि सीटसुद्धा त्यालाच बोल्टने धरलेली. धडक बसली तर सीट जागेवर राहणार की नाही, हे तो पत्रा ठरवतो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. आमची तारीख दोन महिन्यांवर होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दोनदा वाकून ते भोक बघून आले.

कार्पेटखाली बहुतेक जुन्या गाड्यांत तागाचा नमदा असतो. तो पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो. वर रबरी मॅट असली की ते सुकायला वाटच नाही. माझ्या मॅटने नेमकं हेच केलं.

मग पाणी येतं कुठून? इथे फोन कामाला येतो. कार्पेट काढून तळावर जुनी वर्तमानपत्रं पसरा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, फ्लॅश लावून डॅशबोर्डखाली वर बघेल असा ठेवा आणि व्हिडिओ सुरू करा. आता कोणाला तरी काचेवर हळूहळू पाणी सोडायला सांगा, खालून वर सरकत. आधी काचेचा खालचा काठ, मग बाजू, मग दरवाजे. एकदम सगळीकडे पाइप मारलात तर काहीच कळणार नाही. (डिबगिंगसारखंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.) आमच्या व्हिडिओत काचेचं रबर कडक झालेल्या कोपऱ्यातून थेंब ओघळताना स्पष्ट दिसला. तळातल्या भोकांची रबरी बुचंही तपासा.

खोलण्याआधी बॅटरीची वायर काढा, कारण कार्पेटखालून वायरिंग गेलेलं असू शकतं. सीटचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. आणि जुनं कार्पेट फेकू नका! कितीही फाटलेलं असलं तरी नव्याचं माप तेच आहे.

पत्रा तारेच्या ब्रशने घासा आणि हातोडीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. वरवरचा गंज असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक, मग प्रायमर आणि रंग पुरे. भोक असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डच करायला हवा. एका गॅरेजवाल्याने आम्हाला “एम-सील भरून रंग मारू, कळणार पण नाही” असं सुचवलं. तपासणाऱ्याला कदाचित कळलं नसतं, पण सीटचा बोल्ट एम-सीलमध्ये? आम्ही दुसरीकडे गेलो. एक लक्षात ठेवा: पेट्रोलची आणि मागच्या ब्रेकची नळी तळाखालूनच जाते. वेल्डिंग किंवा ड्रिल करण्याआधी गाडीखाली वाकून ती कुठे आहे ते बघा.

आता कार्पेट. नव्या गाड्यांत ते साच्यात गरम दाबून आकार दिलेलं येतं. पद्मिनीसारख्या गाडीला सपाट रोलमधून तुकडे कापून, कडेला पट्टी शिवून घ्यावी लागतात. सीट कव्हरवाले हे काम करतात. सुरुवात मधल्या उंचवट्यापासून करा, जिथे खालून गिअरबॉक्स आणि शाफ्ट जातो. बाकीचे तुकडे त्यावर जुळवता येतात, उलटं जमत नाही. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवा, नाहीतर उन्हात दोन वेगळे रंग वाटतात. गोंद फक्त उंचवट्यावर आणि उभ्या बाजूंना लावा, तोही सगळे दरवाजे उघडून. त्याची वाफ पेट घेते. पायाखालचे तुकडे टिचबटणांवर बसवा, म्हणजे उचलून सुकवता येतील.

ॲक्सिलरेटरजवळ जाड कार्पेट नको. पेडल पूर्ण दाबून सोडा, ते कुठेही न अडकता परत आलं पाहिजे. मॅटमध्ये पेडल अडकण्याच्या धोक्यामुळे २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका.

रबरी मॅट मी काढून टाकली. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बाबांनी स्वतःच बटणं सोडून कार्पेट उचललं आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली एक शब्द: “कोरडं.”