त्रैराशिक आणि गाळलेला ताळा

आजचा भाग माझ्या पाचवीतल्या भाच्यामुळे सुचला. त्याचं गणित असं: 180 रुपयांना 12 वह्या, तर 300 रुपयांना किती? त्याचं उत्तर, 4500. "मामा, पायऱ्या तर सगळ्या लिहिल्यात!" खरंच लिहिल्या होत्या. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. आकडे तेवढे चुकीच्या जागी.

हे आपलं जुनं त्रैराशिक. आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास त्याचा नियम दिला. तीन आकड्यांची नावं प्रमाण, फल आणि इच्छा. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त मांडणी अगदी स्पष्ट आहे: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे, म्हणून दोन टोकांना. वेगळ्या जातीचं फल मध्ये. मग फल गुणिले इच्छा, भागिले प्रमाण. आम्ही प्रोग्रामर टाइप चेकिंग म्हणून मिरवतो ते याहून फार वेगळं नाही.

लीलावतीतलंच उदाहरण घेऊ. 3/7 निष्कांना अडीच पल केशर, तर 9 निष्कांना किती? टोकांना निष्क, मध्ये केशर. अडीच गुणिले 9, साडेबावीस. त्याला 3/7 ने भागायचं, म्हणजे 7 ने गुणून 3 ने भागायचं. साडेबावीस सत्ते 157.5, भागिले 3, साडेबावन्न पल. निष्क म्हणजे काय हे माहीत नसलं तरी गणित सुटतं, ही त्यातली गंमत.

पण मला जास्त आवडते ती बख्शाली पोथी. 1881 मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात जमिनीत सापडलेली, भूर्जपत्रावरची. आज ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यात उदाहरणानंतर स्थापना म्हणजे मांडणी येते, मग करण म्हणजे कृती, आणि शेवटी प्रत्यय. प्रत्यय म्हणजे आपला ताळा! उत्तर काढून थांबायचं नाही, ते उलटं चालवून बघायचं. केशराचंच बघा: साडेबावन्नात अडीच 21 वेळा, आणि 21 गुणिले 3/7 म्हणजे 9. जमलं.

आमच्या वेळी ताळ्याला मार्क नव्हते, म्हणून आम्ही तो बिनधास्त गाळायचो. भाचाही तेच करतो.

मग त्याला म्हटलं, एक वही कितीला पडली? "15 रुपये." मग 4500 वह्यांचे? त्याने कागदावर गुणाकार केला. 67,500. खिशात 300. थोडा वेळ कागदाकडे बघत बसला, मग खोडरबर शोधायला लागला.