एकाच तळ्यातल्या जीवातून दोन शोध : उत्प्रेरक आरएनए आणि मूलपेशी

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मुलांकडून एक प्रश्न नेहमी येतो. "सर, मूलपेशी म्हणजे स्टेम सेल आणि उत्प्रेरक आरएनए म्हणजे रायबोझाइम, या दोन्हींत इंटरेस्ट आहे, पण विषय तर एकच घ्यावा लागतो ना?" सिनॉप्सिसपुरतं हे बरोबर आहे. पण इतिहास बघाल तर या दोन विषयांची सुरुवात जवळजवळ एकाच रेणूपासून झालेली दिसेल.

तो रेणू आहे टेट्राहायमेना नावाच्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवाचा. याच्या एका पेशीत दोन केंद्रकं असतात. मोठ्या केंद्रकात रायबोसोमच्या आरएनएचा जीन गुणसूत्रातून वेगळा काढलेला असतो आणि त्याच्या सुमारे 10,000 छोट्या प्रती मोकळ्या असतात. आता विचार करा. ज्याला हा जीन अभ्यासायचा आहे त्याला माल भरपूर मिळाला. आणि ज्याला डीएनएची टोकं अभ्यासायची आहेत त्याला एका पेशीत 20,000 टोकं मिळाली! माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 92 टोकं. प्रयोगासाठी जीव का निवडला, हे इंटरव्ह्यूमध्ये विचारतात तेव्हा असं उत्तर अपेक्षित असतं.

पहिली गोष्ट टॉमस चेक यांची. 1978 मध्ये ते कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला आले. या जीनच्या मध्ये 413 न्यूक्लिओटाइडचा एक इंट्रॉन होता. आरएनए तयार झाल्यावर हा नको असलेला तुकडा कापून बाहेर पडतो आणि दोन टोकं जोडली जातात. हे काम करणारं एन्झाइम शोधायचं, एवढाच साधा बेत होता. सहकारी आर्ट झॉग यांनी एका नळीत आरएनए आणि केंद्रकाचा अर्क घेतला, आणि कंट्रोल म्हणून दुसऱ्या नळीत अर्काशिवाय नुसता आरएनए. तुकडा दोन्ही नळ्यांत बाहेर पडला. चेक यांना आधी वाटलं, कंट्रोल बनवतानाच काहीतरी चुकलं असणार. आपल्यापैकी कुणालाही हेच वाटलं असतं.

पुन्हा केलं, तेच. मग वाटलं, आरएनएला एखादं प्रथिन घट्ट चिकटून आलं असेल. उकळून पाहिलं, डिटर्जंट टाकलं, प्रथिनं पचवणारी एन्झाइम टाकली. काम चालूच. पण इथे एक अडचण आहे, नीट लक्ष द्या: प्रथिन "नाही" हे असं कितीही केलं तरी सिद्ध होत नाही. फार हट्टी प्रथिन आहे असं कुणीही म्हणू शकतो. म्हणून त्यांनी रस्ताच बदलला. तो जीन जिवाणूच्या प्लाझमिडमध्ये घातला आणि परीक्षानळीत आरएनए बनवला. म्हणजे या आरएनएने टेट्राहायमेनाची पेशी कधी पाहिलेलीच नाही. मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन मिळताच त्याने स्वतःला कापलं आणि जोडलं. हे 1982 मध्ये 'सेल' या नियतकालिकात छापून आलं आणि 'रायबोझाइम' हा शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने 'आरएनेज पी' या एन्झाइममधला आरएनए एकटाच काम करतो हे दाखवलं. 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून.

तरी बरेच दिवस हे सगळं एक अपवाद, एक गंमत असल्यासारखं पाहिलं गेलं. ते थांबलं 2000 मध्ये. रायबोसोमच्या मोठ्या भागाची 2.4 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट रचना आली, आणि प्रथिनाची साखळी जिथे जोडली जाते तिथे आसपास 18 अँगस्ट्रॉमपर्यंत प्रथिनाचा पत्ताच नाही! जोडणी करतो तो आरएनए. म्हणजे आपल्या अंगातलं प्रत्येक प्रथिन रायबोझाइमने बनवलेलं आहे. हा रायबोसोम घेतला होता मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाकडून. मी धाडचा, बुलडाणा जिल्ह्यातला, त्यामुळे इथे लोणार आठवल्याशिवाय राहवत नाही. जून 2020 मध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून जे कारण सांगितलं ते हॅलोआर्किया, म्हणजे याच गटातले सूक्ष्मजीव.

आता दुसरी गोष्ट, त्याच रेणूच्या टोकांची. 1978 मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी या छोट्या प्रतींच्या टोकांवर टीटीजीजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हापुन्हा येतात हे वाचलं. पेशी विभागताना टोकं झिजतात, मग भरून कोण काढतं? ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला 25 डिसेंबर 1984 रोजी फिल्मवर याची पहिली खूण दिसली. वय 23. एन्झाइमचं नाव टेलोमरेज. आणि त्यातला आरएनए नष्ट केला की काम बंद!

रायबोझाइम नुकतंच गाजलेलं, त्यामुळे हेही रायबोझाइमच असेल का, हा प्रश्न येणारच होता. उत्तर 1997 मध्ये आलं आणि त्यात चेक यांचीच प्रयोगशाळा होती. योआखिम लिंगनर यांच्यासोबत त्यांनी युप्लोटिस या दुसऱ्या एकपेशीय जीवातून टेलोमरेजचं प्रथिन वेगळं केलं. ते निघालं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. यीस्टमध्ये त्या प्रथिनातली मोजकी अमिनो आम्लं बदलली की काम थांबतं. म्हणजे आरएनए इथे फक्त नमुना पुरवतो, उत्प्रेरक प्रथिनच. ज्या माणसाला आरएनए उत्प्रेरक असतो म्हणून नोबेल मिळालं, त्यानेच "इथे नाही" हे दाखवलं. मला स्वतःला 1982 पेक्षा हा पेपर जास्त आवडतो.

मूलपेशी इथूनच जोडल्या जातात. शरीरातल्या बहुतेक साध्या पेशींत टेलोमरेज बंद असतं, म्हणून त्या मोजक्याच वेळा विभागतात. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या मूलपेशी वाढवल्या, त्यांत टेलोमरेज भरपूर सापडलं. 2007 मध्ये यामानाका यांनी त्वचेच्या पेशींना मूलपेशींसारखं बनवलं, तेव्हा तेही परत चालू झालेलं दिसलं. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या मूलपेशींत मात्र ते थोडंच असतं, त्यामुळे टोकं हळूहळू झिजतातच. आणि बहुतेक कर्करोगांच्या पेशी हेच एन्झाइम चालू करून घेतात. म्हणून मूलपेशींचे उपचार आणि कर्करोगाची भीती नेहमी एकत्र चर्चेला येतात.

2009 मध्ये वैद्यकाचं नोबेल टेलोमेर आणि टेलोमरेजला आणि रसायनशास्त्राचं रायबोसोमच्या रचनेला मिळालं. वैद्यकाच्या तिघांतले जॅक शोस्टॅक तर तोवर टेलोमेर सोडून रायबोझाइमकडे वळून बरीच वर्षं झाली होती. सिनॉप्सिस लिहायच्या आधी 1982 चा 'सेल'मधला पेपर काढून वाचा. निष्कर्षाकडे नंतर जा, आधी प्रत्येक आकृतीत कंट्रोलची नळी कुठली आहे ते पेन्सिलने खूण करून ठेवा.