खाडीच्या दोन तीरांवरील अर्ज

पूर्वीच्या अमदानीत कचेऱ्यांच्या दप्तरांतून मराठीत आलेल्या आणि पुढे इथल्याच होऊन बसलेल्या अरबी-फार्सी शब्दांमध्ये ‘अर्ज’ या शब्दाइतका गोरगरिबांच्या उपयोगी पडलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. फर्मान वरून खाली येते आणि अर्ज खालून वर जातो. फर्मानाला मोहोर लागते, अर्जाला अंगठा चालतो. आज ज्या भूभागाला आपण नवी मुंबई म्हणतो, त्या दिघे-घणसोलीपासून बेलापूर-उरणापर्यंतच्या खाडीकाठी हा अंगठा पिढ्यान् पिढ्या उठत आला आहे, आणि त्याचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते: या खाडीच्या पूर्व तीरावरून जे अर्ज निघाले ते जमिनीचे होते, पश्चिम तीरावर, तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या टेकडीआड, जे घडत होते त्याविषयीचे अर्ज दुसऱ्याच माणसांनी, दुसऱ्याच गावांतून लिहिले, आणि या दोन अर्जांची गाठ पडायला अर्धे शतक लोटावे लागले.

पूर्व तीरावरचा जुन्यात जुना अर्ज बांधाचा असावा. इथला आगरी शेतकरी भात पिकवी ते समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीत. खाडीच्या अंगाला मातीचा बांध घालायचा, त्यात लाकडी झडपांची उघाडी बसवायची, भरतीला ती पाण्याच्या दाबानेच मिटायची आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जायचे, ही त्या खारबंदिस्तीची साधी आणि अत्यंत हुशार रचना. पण आषाढ-श्रावणातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला एक खांड पडली की खारे पाणी शेतात शिरे, आणि पुढे काही वर्षे त्या जमिनीत धड गवतही उगवत नसे. मग मामलेदार कचेरीत अर्ज जाई: खांड बुजवून मिळावी, सारा तहकूब व्हावा. सरकारने १९४८ साली खारभूमीचा कायदा केला आणि १९७९ साली दुसरा केला, त्यांच्या मुळाशी असे असंख्य ओले, चिखलाचे अर्ज आहेत. समुद्राची पातळी वाढते आहे ही वार्ता आज आपण वर्तमानपत्रांतून नवी म्हणून वाचतो; खाडीकाठच्या माणसाला समुद्र ही सरकारदरबारी नेण्याची तक्रार आहे हे ठाऊक होऊन फार काळ लोटला आहे.

मात्र मामलेदाराकडे दाद मागणे वेगळे आणि कायदा करणाऱ्याकडे कायदाच बदलून मागणे वेगळे. ही दुसरी रीत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजली. १८५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला. तिच्या अग्रभागी असलेले जगन्नाथ शंकरशेट हे मूळचे याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. पुढे १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या खटपटीने अर्ज हे एक शास्त्रच बनले: आधी गावोगाव चौकशी, मग आकडे, मग सह्या आणि सर्वांत शेवटी विनंती. नंतरच्या जहालांनी या पद्धतीला भिक्षांदेही म्हणून हिणवले. मला तो उपहास नेहमीच थोडा अन्यायाचा वाटत आला आहे. कारण भीक मागणारा आकडे घेऊन येत नाही.

कोकणच्या शेतकऱ्याने ही रीत उचलली आणि तिला पायांची जोड दिली. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक आत अडकलेले आणि ज्यांच्यासाठी ते मांडले ते बाहेर रस्त्यावर उभे, हे दृश्य आपल्या विधिमंडळाच्या इतिहासात नंतर पुष्कळदा दिसले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. म्हणजे विधेयकापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे. कायदा करणाऱ्यांच्या घड्याळाचे हे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या तीराकडे वळू. वाशीच्या किनाऱ्यावरून दक्षिण-पश्चिमेकडे पाहिले की ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली, आणि १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’. या उद्योगाचा पाया ज्या कायद्याने घातला तो एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेपुढे, तिच्या कायदेमंडळ या नात्याने भरलेल्या बैठकीत, आला तेव्हा म्हैसूरचे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी उठून विचारले की, ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, आपल्याकडे ती शांततेच्या संशोधनालाही का? पंडित नेहरूंनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा की, या दोहोंत भेद कसा करावा हे आपल्यालाही उमगत नाही. विलक्षण प्रामाणिक उत्तर होते ते, आणि तितकेच दूरगामी. जो विषय कायद्यानेच दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला, त्याच्याविषयी सार्वजनिक काकांच्या पद्धतीने चौकशी करून, आकडे गोळा करून अर्ज लिहायचा तरी कसा? १९६२ च्या नव्या कायद्याने तो पडदा अधिकच जाड केला. मे १९७४ मध्ये पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम सायरसमधले होते, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. खाडीपलीकडच्या गावांना मात्र ती त्या वेळी कोणी सांगितलेली नव्हती.

तरीही एका मराठी माणसाने तो अर्ज लिहिला. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले, पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी हे गणिती, नाणेशास्त्रज्ञ आणि इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण ते जागतिक शांतता परिषदेचे कार्यकर्ते आणि सौरऊर्जेचे हट्टी वकीलही होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला असताना, पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या या प्राध्यापकाने अणुशक्तीच्या खर्चाचा खरा हिशेब मागितला. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबपुढे अणुशक्तीवर बोलताना, आणि पुढेही, त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: आपल्या देशाला ऊन फुकट आणि भरपूर मिळते, ते गावोगाव विखुरलेले आहे, म्हणून त्यापासून होणारी शक्तीही गावोगाव निर्माण करता येईल, अणूची शक्ती एका जागी, प्रचंड भांडवलाने आणि गुप्ततेत करावी लागते, आणि बॉम्बच्या मार्गाशी तिची वाट फार दूर नाही. मोठ्या धरणांऐवजी अनेक लहान बंधारे घालावेत हेही ते संख्याशास्त्राच्या आधारे मांडत. १९६२ साली त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला, आणि त्यांच्या मतांचे भाभांच्या कार्यक्रमाशी मुळीच जुळत नव्हते हे उघड होते. १९६६ साली ते निवर्तले; भाभाही त्याच वर्षी गेले. आज राज्याराज्यांतून सौरपंपांच्या योजना निघतात तेव्हा कोसंबींचे नाव कोणी घेत नाही, आणि कदाचित ते त्यांना फारसे आश्चर्याचेही वाटले नसते.

कोसंबी ज्या चळवळीचे होते तिचा सर्वांत मोठा अर्ज मात्र जपानमध्ये लिहिला गेला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटाजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. मासे कोणी घेईना. मासे विकणाऱ्यांचा धंदा बसला. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणी आणि मासेविक्रेते यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली, आणि दीड वर्षाच्या आत तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. दिल्लीत नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत निवेदन करून अशा चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. खाडीकाठच्या दिवाळे गावच्या किंवा वाशीगावच्या कोळणीला हे सारे कोणी वाचून दाखवले असते, तर तिला त्यातले मासळीचे दुःख क्षणात कळले असते. बाकीचे राजकारण नंतर समजावता आले असते.

पण कोणी दाखवले नाही. इथल्या माणसाचे लक्ष आधी जमिनीकडे होते, आणि त्याचे एक कारण विजेतच आहे. शक्ती स्वच्छ असली म्हणून ती जमीन घेत नाही असे नव्हे, याचा धडा या मुलखाला फार आधी मिळाला होता. सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, त्यात धूर नव्हता. आणि पुढे मुळशी येथे धरणाचे काम निघाले तेव्हा विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या मागे मावळे १९२१ पासून १९२४ पर्यंत ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहाला उभे राहिले. मुळशीचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरले आणि मुंबईच्या गिरण्या उजळल्या, मावळ बुडाला. ज्या १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने मुळशीची शेते गेली, त्याच कायद्याने १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. म्हणून इथला माणूस प्रगतीचा कोणताही अर्ज वाचताना आधी सातबारा कोणाचा आहे ते पाहतो, यात नवल नाही. जासईचे दि. बा. पाटील हे पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झालेले वकील. त्यांना अर्जाची भाषा पाठ होती, तरी विधानसभेतील भाषणे अपुरी पडली तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही त्या दिवसांची फलश्रुती.

शहर झाल्यावर खारबंदिस्तीचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. नवे शहर उभारणाऱ्या सिडकोच्या अभियंत्यांनी सखल भागाला पुरापासून वाचवण्यासाठी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीला झडप मिटते, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला बाहेर जातो. म्हणजे ती आगऱ्याची उघाडीच की! फक्त तिचे शास्त्र हॉलंडहून मागवले. त्या तलावांत आणि बांधांपुढच्या चिखलात तिवर, म्हणजे कांदळवने, वाढले, आणि त्यांच्यासाठी निघालेला अर्ज प्रथमच जमिनीचा आणि हवामानाचा असा दुहेरी झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडणे हे नागरिकांच्या मूलभूत अधिकारांचे उल्लंघन ठरवले. हे काम न्यायालयाकडून झाले, विधिमंडळाकडून नव्हे, याचा अभिमान बाळगावा की खंत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि मग एक गृहस्थ आले, ज्यांच्या ठायी दोन्ही तीरांचे अर्ज एकत्र आले. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांनी १९९० ते १९९३ या काळात भारतीय नौदलाचे प्रमुखपद भूषवले, आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या एका खेड्यात, चरीच्याच तालुक्यात, शेती करू लागले. १९९८ च्या अणुस्फोटांनंतर अण्वस्त्रांविरुद्ध त्यांनी लिहिले, बोलले, पत्रे धाडली. भारत-पाकिस्तान शांततेच्या कार्यासाठी त्यांना पाकिस्तानच्या इब्न अब्दुर रहमान यांच्याबरोबर २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याने युद्धनौका चालवल्या तो युद्धाविरुद्ध बोलतो, हे दिल्लीला अवघड गेले. पण उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हजारो हेक्टर जमीन घेण्याचा घाट घातला गेला तेव्हा हाच निवृत्त दर्यासारंग आणि त्यांच्या पत्नी ललिता रामदास शेतकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले, आणि ते कोणाला अवघड गेले नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. प्रत्येक खातेदाराला हो किंवा नाही इतकेच लिहायचे होते. सार्वजनिक सभेच्या सह्यांपासून सुरू झालेल्या रीतीची ही बहुधा सर्वांत संक्षिप्त आवृत्ती असावी. सरकारने त्या मतदानाचा निकाल अधिकृतपणे कधीच जाहीर केला नाही. पुढे तो प्रकल्पच बारगळला. ‘सायरस’ ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद झाली. ॲडमिरल रामदास मार्च २०२४ मध्ये वारले, आणि पेणच्या त्या मतपत्रिका कुठल्याशा कचेरीच्या दप्तरात बांधून पडल्या असतील.